अण्णांचा तिरका टाका

वोल्फ्सबुर्गातल्या मराठी घरांत कुणाच्या बॅगेच्या तळाशी किंवा सासूबाईंनी दिलेल्या बटव्यात एखादी जुनी नोट निघाली, की ती आज ना उद्या देवानंद पगारेच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडते. गेल्या दिवाळीनंतर पुण्याचा उत्कर्ष असाच आला. आयटीतला मुलगा. हातात पाच रुपयांची हिरवी, ट्रॅक्टरचं चित्र असलेली नोट; नोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पासपोर्टच्या कव्हरात.

“सर, व्हिडिओत क्लिअरली म्हणतायत, ट्रॅक्टरवाली असेल तर मिनिमम तीन लाख. म्हटलं, विकायच्या आधी तुमचं ओपिनियन घ्यावं.”

देवानंदने चष्मा कपाळावर चढवला, नोट दिव्यासमोर धरली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली.

“आल्झो,” तो म्हणाला, म्हणजे जर्मनमधलं ‘तर मग’. चोवीस वर्षं जर्मनीत काढल्यावर त्याचं कुठलंच वाक्य ह्या शब्दाचा टेकू घेतल्याशिवाय उभं राहत नाही. “मधोमध घडी आहे. हा कोपरा गेलाय. आणि अशा कोट्यवधी छापल्या होत्या. दोन येतील.”

“दोन लाख?”

“दोन युरो, उत्कर्ष. स्टेशनवरचा प्रेत्सेल-पाव येईल. जेमतेम.”

तीन लाखांवरून दोन युरोंवर उतरायला माणसाला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात देवानंदच्या बायकोने, शुभाने, चहा टाकला. हा तिचा ठरलेला क्रम आहे. माणूस आशेने येतो, देवानंद त्याला जमिनीवर आणतो आणि पडलेल्याला शुभा चहा पाजते. व्हिडिओवाल्यांचं काय जातं? ते बोलून मोकळे, चहापत्ती पगाऱ्यांची.

नोट जुनी झाली म्हणून तिला किंमत येत नाही, हे लोकांना पटता पटत नाही. माणसाला येत नाही, तिथे नोटेला कुठून येणार? किंमत येते ती थोड्या छापल्या गेल्या म्हणून, नंबर गमतीचा आहे म्हणून, छापताना चूक झाली म्हणून. आणि सगळ्यात जास्त, तिला कुणाचा हातच लागला नाही म्हणून. जितके हात कमी, तितका भाव जास्त. ह्या धंद्याचा सगळा वेद एवढाच. त्यात आपल्याकडच्या जुन्या नोटांना आणखी एक खोट असते. पूर्वी शंभर नोटांचं बंडल तारेच्या टाक्याने शिवत. त्यामुळे कोऱ्या करकरीत नोटेलाही डाव्या बाजूला दोन बारीक भोकं असायची. जर्मन विक्रेते चिठ्ठीवर ‘भोकं आहेत’ असं लिहितात आणि किंमत निम्म्यावर आणतात.

देवानंद मात्र भोकांच्याच नोटा विकत घेतो. बिनभोकाची, दुर्मिळ, चकचकीत नोट कुणी फुकट दिली तरी तो तिच्याकडे लग्नातल्या अनोळखी पाहुण्यासारखं बघतो आणि परत करतो. मराठी मंडळातल्या लोकांनी त्याला ‘नोटावाले पगारे’ हे नाव दिलं, तो लाखांचा संग्रह बाळगून आहे अशी हवाही केली. खरं काय ते शुभाला माहीत होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही.

देवानंदचे वडील, सुखदेव पगारे, म्हणजे अण्णा, नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते. नाशिकरोडला तेव्हा ‘कुठं आहात’ विचारलं की निम्मी माणसं ‘प्रेसला’ म्हणायची आणि पुढचं कुणी विचारायचं नाही. अण्णांनी चौऱ्याहत्तर ते शहाऐंशी अशी बारा वर्षं टाक्याच्या मशीनवर काढली. मोजून आलेलं शंभर नोटांचं बंडल मशीनच्या जबड्यात धरायचं, पायाने पट्टी दाबायची, खट्. दुसरं बंडल. खट्. लहानपणी गवत कापताना विळ्याने त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक उडालं होतं. त्यामुळे बंडल त्यांच्या हातात जरासं कलून बसायचं आणि टाकाही तसाच कलून पडायचा. खात्यात सगळ्यांना ओळख पटायची: तिरका टाका म्हणजे पगाऱ्यांचा.

प्रेसच्या फाटकावर रोज झडती व्हायची. जाताना खिसे रिकामे, येताना खिसे रिकामे. अण्णांनी तिथून कागदाचा कपटा कधी घरी आणला नाही. पगाराच्या दिवशी मात्र हातात आलेल्या नोटा ते खिडकीपाशी धरून बघत. आपला टाका कधीतरी आपल्याकडे परत येईल, अशी त्यांना आस होती. आला नाही. “साऱ्या देशाच्या खिशात माझा टाका आहे,” ते हसून म्हणत, “फक्त माझ्या खिशात नाही.”

घरीही ते टाकेच घालत. जाहिरातींचे कागद, जुन्या कॅलेंडरची पानं, जे एका बाजूने कोरं असेल ते सारखं कापून त्याच्या रफ वह्या करायचे. लोखंडी स्टेपलर, तीच डावी बाजू, तोच कललेला हात. देवानंदची सातवीची गणिताची रफ वही अजून त्याच्याजवळ आहे. आधी ती सर्टिफिकेटांच्या फायलीत चुकून आली, मग मुद्दाम राहिली.

अण्णांकडून देवानंदने आणखी एक गोष्ट उचलली, ती म्हणजे बाजार करणं. आठवडेबाजारात अण्णांचा हात धरून फिरताना त्याने ती नीट पाहिली होती. वस्तू आवडली की आधी नाक मुरडायचं. उचलायची, खाली ठेवायची. हे डागाळलंय, ते चेपलंय, कोण घेणार हे? आणि मग पाठ फिरवून चालायला लागायचं. “गरज डोळ्यात दिसू द्यायची नाही, देवा,” अण्णा सांगत. “चार पावलं जायचं. हाक येते.” आणि यायची. दर वेळी, चौथ्या पावलाला मागून आवाज यायचा: “अहो दादा, या इकडं, तुमचं तर तुमचं!” अण्णा लगेच वळत नसत. एक श्वास थांबून वळत. देवानंदला ती जादू वाटायची.

दोन हजार एक साली देवानंद जर्मनीला निघाला, तेव्हा अण्णा मुंबईच्या विमानतळापर्यंत आले होते. बाईला, म्हणजे देवानंदच्या आईला, अंजनाबाईंना गाडी लागते म्हणून त्या नाशिकलाच थांबल्या. दाराशी अण्णा म्हणाले, “जा. उशीर होईल. तिकडं सारं चांगलंच असणार. आमची काळजी नको.” एवढं बोलून ते पाठ फिरवून निघाले, आणि थोडं पुढे एका खांबाशी पाठमोरे थांबले. देवानंदला वाटलं, चपलेचा अंगठा निघाला असेल. रांग पुढे सरकत होती. तो आत गेला.

पुढची वीस वर्षं दर रविवारी फोन. मधे देवानंदची लेक, क्रांती, झाली. “ह्या मे महिन्यात जमेल असं वाटत नाही, अण्णा. क्रांतीची शाळा आहे.” “काही घाई नाही. सवडीनं ये.” “डिसेंबरात प्रोजेक्टची डिलिव्हरी आहे.” “मग कशाला धावपळ? कामं आधी. आम्ही मजेत.” देवानंद फोन ठेवायचा आणि खरोखर हलकं वाटून घ्यायचा. बापाने मोकळं केलं, अजून काय पाहिजे? दोन वर्षांतून एकदा, कधी तीन वर्षांतून, दहा-बारा दिवस जाऊन यायचा. त्यातले चार दिवस शुभाच्या माहेरी जायचे.

एकवीसच्या एप्रिलमध्ये अण्णा गेले. विमानं बंद, हॉस्पिटलची दारं बंद. धाकट्या भावाने, विपुलने, फोन उंच धरला होता. त्या हलत्या चित्रात देवानंदने बापाला शेवटचं पाहिलं. वोल्फ्सबुर्गात तेव्हा झाडांना नवी पालवी आली होती आणि खालच्या मजल्यावरची बाई खिडक्या पुसत होती. तो दिवसभर बाल्कनीत बसून राहिला. शुभाने दोनदा जेवायला हाक मारली, मग तीही शेजारी येऊन बसली.

त्यानंतरच हे नोटांचं सुरू झालं. एका संध्याकाळी त्याने रफ वही काढली आणि टाक्यावरून बोट फिरवलं. देवानंदचं आयुष्य मोजण्यात गेलेलं. वोल्फ्सबुर्गजवळच्या एका कंपनीच्या मेसरौममध्ये, म्हणजे जिथे गाड्यांचे सुटे भाग मोजून पास-नापास करतात तिथे, तो काम करतो. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सासुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याने क्रांतीच्या शाळेच्या कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक आणला आणि टाक्यावर ठेवला. साडेसात अंश. पुढच्या पानांवर, शेवटच्या पानावर, साडेसातच.

त्याला एकदम वाटलं, बारा वर्षांत अण्णांच्या हाताखालून किती बंडलं गेली असतील. त्यांतली एखादी नोट कुठेतरी असेलच. जगात कुठेही. आणि तिच्यावर साडेसात अंशांत कललेली दोन भोकं असतील. राखेला शिवता आलं नाही, निदान ते तरी हातात धरता येईल.

तेव्हापासून जिथे जिथे ब्योर्स, म्हणजे जुन्या नाण्यानोटांचा बाजार भरतो, तिथे तो जातो. हानोवर, ब्राउनश्वाइग, माग्डेबुर्ग. लोक काचेच्या पेट्यांपुढे वाकतात. हा थेट टेबलाखालच्या ग्राबेलकिस्टेकडे जातो, म्हणजे ज्या खोक्यात कुणालाच नको असलेला माल उलथापालथ करायला ठेवलेला असतो. भिंग, कोनमापक, वही. दोन रुपयांची, उपग्रहाचं चित्र असलेली नोट मुख्यतः, कारण ती अण्णांच्या काळात भरपूर निघाली. चार वर्षांत चारशे बारा नोटा मोजल्या. सरळ, सरळ, तीन अंश, सरळ, नऊ अंश. एकदा सात मिळाले आणि त्या रात्री जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेसरौमच्या यंत्रावर मोजली तर सहा निघाले.

“अहो,” शुभा एकदा हळूच म्हणाली, “मोजून माणूस परत येतो का?”

“नाही येत,” तो म्हणाला आणि वहीत आकडा लिहिला.

मागच्या ऑक्टोबरात ड्युसेलडॉर्फला ब्योर्स होता. क्रांती तिथून जवळच, आखनला इंजिनियरिंग शिकते, म्हणून तीही आली. क्रांतीला मराठी सगळं कळतं; उत्तर जर्मनमध्ये येतं. बापलेकीचं बोलणं नेहमी असं दोन रुळांवरून चालतं आणि तरी वेळेवर स्टेशनला पोचतं.

हॉलच्या अगदी टोकाला, शौचालयाच्या दाराजवळ, ब्रुक्मान नावाचा म्हातारा विक्रेता बसला होता. निवृत्त पोस्टमन. कानात यंत्र, स्वेटरवर मांजराचे पांढरे केस. सत्तरच्या दशकात भारतात नोकरी करून आलेल्या कुणा इंजिनियरच्या घराची आवराआवर झाली, त्यातलं एक खोकं त्याने सकाळीच घेतलं होतं. अजून त्याने ते धड लावलंही नव्हतं. देवानंदने सवयीने हात घातला. पोस्टकार्डं, आगपेट्या, एक पितळी हत्ती. आणि त्याच्याखाली, जुन्या कागदी पट्टीत गुंडाळलेलं, दोन रुपयांच्या नोटांचं अख्खं बंडल. न उघडलेलं. डाव्या बाजूला तारेचा टाका तसाच, गंजून तपकिरी झालेला. पट्टीवर पुसट शिक्का: १९७९.

त्याने कोनमापक ठेवला. काढला, चष्मा पुसला, पुन्हा ठेवला.

साडेसात.

बंडल उलटं केलं. मागे तारेची दोन टोकं आत वळली होती, तीही तशीच कललेली. कुठल्याही मेसरौमने हा पुरावा मानला नसता. कलता हात जगात एकाच माणसाला असतो असं थोडंच आहे. पण देवानंदचा पुराव्याशी संबंध तिथेच संपला. भोकं शोधत तो चार वर्षं फिरला होता, आणि इथे तर टाकाच होता. अण्णांच्या पायाने पट्टी दाबली, खट् झालं, त्यानंतर हे बंडल कुणी उघडलं नव्हतं. अण्णांनी मिटलेलं, तसंच्या तसं मिटलेलं. टेबलाची कड धरून तो उभा राहिला.

“किती?” त्याने विचारलं.

“एकशे साठ,” ब्रुक्मान म्हणाला.

आता इथे जर्मन माणूस असता तर त्याने एकशे साठ मोजले असते आणि बंडल छातीशी धरून घरी गेला असता. देवानंदच्या खिशात चारशे होते. मागितले असते तर त्याने चारशेही दिले असते. पण नेमक्या त्या क्षणी त्याच्या आतला आठवडेबाजार जागा झाला. इतकी गरज आयुष्यात कधी लागली नव्हती, म्हणून ती लपवायचा जोरही कधी नव्हता इतका आला. त्याने बंडल खाली ठेवलं, नाक मुरडलं आणि शुद्ध, व्याकरणबद्ध जर्मनमध्ये सुरू केलं.

“तार गंजलीये बघा. गंज कागदात उतरतोय. शंभरच्या शंभर नोटांना भोकं. ह्या तारेनेच सगळा माल खराब केलाय. एकशे साठ? हे कोण घेणार?”

ब्रुक्मानने कानातलं यंत्र नीट केलं, पुढे झुकून सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही ह्यातले जाणकार दिसता.”

“होय, थोडंफार,” देवानंद म्हणाला. “एकशे चाळीस असतील तर विचार करू.” आणि पाठ फिरवून चालायला लागला.

एक. दोन. तीन. चार. हाक आली नाही.

तो एका रांगेपलीकडे जाऊन थांबला. सगळं ऐकून मागोमाग आलेल्या क्रांतीने काय झालं म्हणून खुणेने विचारलं. “नंतर सांगतो,” तो म्हणाला. “थांब जरा. बोलावेल तो.” दोघं कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलाशी उभी राहिली. लगेच परत गेलो तर सौदा हातचा जाईल, त्याने स्वतःला बजावलं. पंधरा मिनिटं. वीस मिनिटं. वीस युरोंसाठी वीस मिनिटं. मग मात्र त्याला उभं राहवेना.

ब्रुक्मान त्याला लांबूनच पाहून उठला. त्याचा चेहरा उजळला होता. टेबलावर मऊ कापड अंथरलं होतं, त्यावर एक लहान पक्कड. शेजारी प्लॅस्टिकच्या स्वच्छ पाकिटांत एकेक करून घातलेल्या दोन रुपयांच्या नोटा, दहा-दहाच्या ओळीत. कागदी पट्टी घडी करून बाजूला ठेवलेली. टाका नव्हता.

“तुमचं म्हणणं बरोबर होतं,” तो म्हणाला. “आणखी वर्षभराने गंज पार आत गेला असता. फार जपून काढली, एकही नोट फाटली नाही. तुमचे आभार मानायला हवेत. आता हे बंडल राहिलं नाही, सुट्या नोटा झाल्या, तेव्हा तुमच्यासाठी एकशे दहा.”

भाव हवा होता त्याच्याही खाली आला होता. अण्णांनासुद्धा आयुष्यात असा सौदा जमला नव्हता.

देवानंद मराठीत पुटपुटला, “तार का काढली ह्यांनी? तार का काढली?”

“पण पापा,” क्रांती जर्मनमध्ये, अगदी सरळपणे म्हणाली, “तूच तर म्हणालास, तारेने माल खराब केलाय.”

तेव्हा देवानंदने, त्या भरलेल्या हॉलमध्ये, शौचालयाच्या दाराशी, अनोळखी म्हाताऱ्याला खरं सांगितलं. आल्झोचा टेकू न घेता. “तो टाका माझ्या वडिलांनी घातला होता,” तो म्हणाला. “ते प्रेसमध्ये होते. ते गेले तेव्हा मला जाता आलं नाही. मला बंडल नको होतं. मला टाका हवा होता.”

ब्रुक्मान खाली बसला. “मग तुम्ही सांगितलं का नाही?” तो म्हणाला, रागाने नाही, त्याला खरोखरच कळेना. मग तो वाकला, टेबलाखालची कचऱ्याची टोपली वर घेतली आणि कॉफीच्या कपांतून, केळ्याच्या सालीतून ती बारीक तार शोधून काढली. पकडीने ओढताना ती सरळ झाली होती. बोटभरही नसेल एवढी गंजकी तार, तिला आता कसलाच कल उरला नव्हता. ती त्याने रुमालाने पुसली, नाण्यांच्या छोट्या पाकिटात घातली आणि दोन्ही हातांनी देवानंदला दिली. नोटांचे एकशे दहा घेतले. तारेचे म्हणून आणखी काही द्यायला देवानंदने पाकीट उघडलं, तेव्हा ब्रुक्मानने त्याचा हात धरून ठेवला.

स्टेशनवर वोल्फ्सबुर्गच्या दिशेची गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. ती उशिराच असते. बाकावर बसल्यावर देवानंदने क्रांतीला सगळं सांगितलं: आठवडेबाजार, नाक मुरडणं, चार पावलं, हाक. गरज डोळ्यात दिसू द्यायची नाही. क्रांती ऐकत होती. मांडीवर शंभर नोटांची पिशवी.

“म्हणजे आजोबांना जे हवं असायचं,” ती जर्मनमध्ये, शब्द जुळवत म्हणाली, “ते नको आहे असं म्हणायचे?”

“गेनाऊ,” देवानंद म्हणाला. “अगदी तसंच.”

“बाजारात फक्त? की नेहमी?”

त्याच्यासमोर विमानतळावरचा तो खांब आला. पाठमोरे अण्णा. त्याने मनात पावलं मोजली. मोजणं हाच त्याचा धंदा, पण हे त्याने चोवीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं. दारापासून खांबापर्यंत चार पावलं होती. अण्णांच्या चपलेला काहीही झालेलं नव्हतं. ते हाकेची वाट बघत होते. एक श्वास थांबून वळणार होते.

आणि घाई नाही. सवडीनं ये. कामं आधी, आम्ही मजेत. वीस वर्षं दर रविवारी म्हातारा वस्तू खाली ठेवून पाठ फिरवत होता, आणि दर रविवारी देवानंदने त्याचा शब्द खरा मानला. ब्रुक्मानला निदान ह्या बाजाराची भाषा परकी होती. ह्याने तर त्या बाजारात हात धरून सगळी विद्या शिकलेली होती.

तो रडला. फलाटावर, लोकांत. क्रांतीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्याने तोंड पुसून नाशिकरोडला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती. अंजनाबाई ऐंशीच्या झाल्यात, फोन कानापासून लांब धरून मोठ्याने बोलतात.

“देवा? जेवला का रे?”

“जेवतो, बाई. तू कशी आहेस?”

“मला काय झालंय? मजेत आहे.”

“बाई, मी येऊ का?”

“ये की. पण घाई नाही काही. सवडीनं ये. तुझी कामं आधी बघ. इथं विपुल आहे, सून आहे, सगळे आहेत.”

आजवर इथे तो “बरं” म्हणायचा. पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज यायचा आणि रविवार संपायचा.

“मी ह्याच आठवड्यात येतोय,” देवानंद म्हणाला. “मला यायचंय, बाई.”

क्रांतीने आपला फोन उघडून विमानाच्या तारखा शोधायला घेतल्या होत्या.

एक श्वास थांबून बाई म्हणाली, “कोणत्या वारी?”